एक जूनची माणसं

आमच्या घरात एक जूनला केक आणायचा म्हटलं तर चार आणावे लागतील. वडील एक जूनचे, दोन्ही काका एक जूनचे आणि मीही एक जूनची. आई सांगायची, मी झाले तेव्हा खळ्यावर भाताची मळणी चालली होती, म्हणजे कार्तिक महिना असणार. पण पेन्शनच्या कागदापासून पॅनकार्डापर्यंत सगळीकडे माझा जन्म जूनच्या पहिल्या तारखेचा आहे, आणि आता तर मलाही तेच खरं वाटतं. बँकेत असताना दर वर्षी ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागायची. एका शाखेत आमचे साहेब बंगाली होते. त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं, तुमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावरच एवढी पोरं कशी जन्माला येतात?

ही तारीख आईबापांनी दिलेली नव्हे, मास्तरांनी दिलेली. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला घेऊन आई दारात उभी राहायची. जन्म कधीचा विचारलं तर उत्तर यायचं, मोठा पूर आला त्या साली, नाहीतर थोरल्या म्हशीला रेडकू झालं तेव्हा. मग मास्तर पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोराला सहा वर्षं पूर्ण. चालू सालातून सहा वजा करायचे, पुढे १ जून लिहायचं, आणि त्या क्षणी एक माणूस सरकारदरबारी जन्माला यायचं.

माझे वडील प्राथमिक शिक्षकच होते. त्यांनी अशा शेकडो पोरांना जन्मतारखा वाटल्या. पण माझी खरी तारीख त्यांना ठाऊक होती, तरी त्यांनी माझ्या नावापुढेही एक जूनच लिहिला. याबद्दल एकदा मी त्यांच्याशी भांडले होते. ते म्हणाले, "नोव्हेंबर लिहिला असता तर तुझं एक वर्ष घरात बसून गेलं असतं. पोरीचं एक वर्ष घरात गेलं की दुसरं जायला वेळ लागत नाही." त्यामुळे मी पाच महिने आधी शाळेत गेले आणि पाच महिने आधी निवृत्त झाले. त्या पाच महिन्यांच्या पगाराचा हिशेब मी कधीकधी मनातल्या मनात करते, पण शेवटी वडिलांचंच पारडं जड ठरतं.

हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते भाचीच्या जात पडताळणीमुळे. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे त्यांना या तारखा जयंत्या-पुण्यतिथ्यांपेक्षा जास्त पाठ असतात. वडिलांचा शाळेचा दाखला आमच्याकडे होता. पण त्यावर नाव बापू आणि सेवापुस्तकात बापूराव. तेवढ्यावरून फाइल परत आली: मुलीच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, शाळेच्या रजिस्टरातला प्रवेश निर्गम उतारा जोडावा. भावाला रजा नव्हती. मी रिकामी. गेल्या डिसेंबरात उठले आणि गावी गेले.

कोल्हापूरहून राधानगरीच्या वाटेला लागलं आणि मध्येच आत वळलं की आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची. दोन जुन्या कौलारू खोल्या आणि एक मागाहून बांधलेली स्लॅबची. भिंती 'बोलक्या' केलेल्या, म्हणजे ज्ञानेश्वरांशेजारी गुणाकाराचा तक्ता आणि त्याच्याशेजारी पचनसंस्था. पट १९, शिक्षक दोन. मुख्याध्यापक चंदगडकडचे, चाळिशीतले. एका हाताने मोबाईलवर पोषण आहाराची माहिती भरत होते आणि दुसऱ्या हाताने तिसरीतल्या एकीची वही तपासत होते. मी कशाला आले ते कळल्यावर हसले. "तुम्ही या महिन्यातल्या पाचव्या. शाळेत पोरं कमी आणि पूर्वज जास्त येतात आता."

लोखंडी कपाट उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. वरच्या कप्प्यात नवी रजिस्टरं, आणि तळाशी तांबड्या कापडात बांधलेलं जुनं बासन. पहिलं रजिस्टर १९१८ सालचं. कडा कसरीने खाल्लेल्या. पान उलटताना सर दोन्ही तळहात खाली घालायचे, गरम भाकरी उलथावी तसं. आतलं अक्षर मोडी. मला त्यातलं ओ की ठो कळेना. सर मात्र अंगठ्याने ओळ पकडून भराभर वाचत होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा पथक इथंही आलं होतं. त्यांच्यातल्या मोडीवाचकाशेजारी बसून हे तेव्हा मोडी शिकले. "नाहीतरी चहा आणून देण्यापलीकडे मला काय काम होतं?"

जनरल रजिस्टर ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, वय, कुठल्या तारखेला दाखल, कुठल्या इयत्तेत, कधी सोडली, सोडण्याचं कारण, शेरा. माझ्या आजोबांची ओळ ६३ नंबरची. दत्तू, बापाचं नाव रामा, जात माळी, वय अंदाजे ७, सन १९१९. आडनावाची जागाच नव्हती. आमच्या घराण्याचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा पडलं ते हेच असणार. जमीन दुसऱ्याची होती, कुळाने कसलेली, त्यामुळे त्याआधी आमची नोंद कोण कशाला ठेवील?

रजिस्टर १९१८ लाच का सुरू होतं त्यालाही कारण आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. पुढच्या वर्षी करवीर भागातल्या चिखलीपासून या शाळा उघडायला सुरुवात झाली आणि चारेक वर्षांत त्या चारशेच्या वर गेल्या. आपण शाळेत हे सगळं 'महाराजांचे कार्य' या मथळ्याखाली पाच गुणांसाठी पाठ केलं. तो कायदा ज्याच्या दारात आला त्या माणसाला तो कसा वाटला असेल, हा प्रश्न मात्र कधी पेपरात आला नाही.

आमच्या घरात त्याचं उत्तर आहे. पणजोबा रामा यांना तो कायदा अजिबात आवडला नव्हता. आजोबा त्यांची नक्कल करून सांगायचे: "म्हसरं राखायची सोडून पोरगं शाळंत बसवायचं, आणि न्हाई बसवलं तर आपणच रुपाया द्यायचा! आसला कसला राजा?" पहिल्या महिन्याचा दंड त्यांनी खरंच भरला म्हणे. रुपया देतो, पण पोरगं देत नाही. दुसऱ्या महिन्यात रुपया जमेना. तेव्हा आजोबांना धोतराच्या फडक्याचा सदरा शिवून शाळेत नेऊन बसवलं. म्हशी धाकट्या भावाकडे गेल्या. तो कायम अडाणी राहिला, आणि म्हातारपणापर्यंत आजोबांना टोमणे मारायचा, "तू शाळा शिकलास ती माझ्या म्हशींवर."

हे म्हशींचं गणित कुणाच्या आधी लक्षात आलं असेल तर ते जोतीराव फुल्यांच्या. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख लिहिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. चौतीस वर्षांपूर्वी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारा हा माणूस स्वतःला शिक्षणतज्ज्ञ वगैरे म्हणवत नाही, हिशेब मागायला आलेल्या माणसासारखा बोलतो. सरकारच्या तिजोरीतला मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या थरातल्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. तिथून ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचा भरवसा. इकडे मुंबई इलाख्यातल्या दहापैकी जवळपास नऊ गावांत शाळाच नाही, आणि जिथे आहे तिथे शेतकऱ्याचं पोर येत नाही, कारण ते गुरांमागे असतं. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. मास्तरला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही सांगितलं. आणि मास्तर कसा हवा? नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही असा. माझ्या वडिलांनी हे निवेदन कधी वाचलं नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी पायजमा खोचून चिखलणीला उतरणारे ते मास्तर होते. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांच्या पोटऱ्यांवरचा चिखल दिसला.

त्याआधीही गावोगाव शाळा होत्या, पंतोजींच्या. देवळाच्या ओवरीत नाहीतर वाड्याच्या पडवीत पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकायची. पंतोजीला धान्य मिळायचं, सणासुदीला शिधा. त्या शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. आजोबांची दिडकी शेवटपर्यंत पक्की होती आणि माझं कॅल्क्युलेटरवरचं व्याज ते तोंडी तपासायचे. पण पंतोजीच्या ओवरीत ज्याला हिशेब लागणार होता त्याचंच पोर बसायचं. बाकीच्यांनी तिथं यावं असं कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं. पंतोजीला रजिस्टर लागत नव्हतं, कारण कोण आलं नाही हे त्याला कुणाला कळवायचं नव्हतं. सार्वजनिक शाळेची खरी सुरुवात मला गैरहजेरीपासून झालेली दिसते. तू आला नाहीस, याची कुणीतरी नोंद घेतली.

सक्तीचा पहिला प्रयोग आपल्याकडे बडोद्यात झाला. नाशिकजवळच्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये तो अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात असं व्हावं म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं. बिचारं किती सौम्य विधेयक होतं! ज्या म्युनिसिपालिटीला किंवा बोर्डाला वाटेल तिनेच सक्ती करावी, वय सहा ते दहा, खर्चाचे दोन हिस्से सरकारचे आणि एक स्थानिकांचा. तरी १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होते आणि आपलेही होते. सगळी पोरं शाळेत गेली तर शेतात कोण राबणार, ही काळजी एकट्या माझ्या पणजोबांना नव्हती. फरक एवढाच की पणजोबांची म्हैस स्वतःची होती.

सर पान उलटत होते आणि माझं लक्ष जातीच्या रकान्याकडे जात होतं. या रकान्यासाठीच तर आम्ही सगळे येतो. ज्या रजिस्टराने गावातल्या पोरांना पहिल्यांदा एकाखाली एक, नुसत्या नंबराने लिहिलं, त्यानेच प्रत्येकाच्या नावापुढे जात लिहून ठेवली, आणि शंभर वर्षांनी आम्ही नंबर बघत नाही, रकाना बघतो. याला काय म्हणावं ते मला कळत नाही. रकाना नसता तर भाचीची फी कशी माफ झाली असती, हेही खरंच आहे.

आणि या यादीत नाव येणं ही तरी सोपी गोष्ट कुठे होती? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला, तर एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पाडायची का, असा विचार करून सरकारनेही हात झटकले. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये जाहीर झालं की जी शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालते ती सगळ्यांना खुली. जाहीर झालं म्हणजे झालं असं नाही, हे सांगायला नको. त्या मुलाचं नाव इतिहासाने ठेवलेलं नाही. ठेवलं ते दुसऱ्या एका मुलाचं. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला, १९१४ या अनुक्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलं आहे, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नोंद झाली म्हणून बसायला बाक मिळाला असंही नाही. तो मुलगा वेगळा बसायचा, घरून आणलेल्या गोणपाटावर.

आमच्या रजिस्टरात पहिल्या साठ-सत्तर ओळींत मराठा, माळी, कुंभार, लिंगायत, दोन मुसलमान, एक ब्राह्मण. मग १९१९ च्या दसऱ्यानंतरच्या तारखांना तीन नावं आली, तिघांपुढे महार. सरांनी बोट ठेवून दाखवलं. त्याच दसऱ्यापासून शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना बाकीच्यांबरोबर घ्यायचा हुकूम काढला होता. हुकूम कोल्हापुरात निघाला आणि आमच्या गावात तीन ओळी उमटल्या. त्यातलं एक नाव चार महिन्यांत कमी झालं. कारणाचा रकाना कोरा.

पन्नास वर्षांनी, १९६९ मध्ये मी याच शाळेत पहिलीत होते. माझ्या शेजारी पाटीवर बाराखडी गिरवणारी मैत्रीण बौद्धवाड्यातली. आमची नावं हजेरीत एकाखाली एक यायची. पण पाण्याच्या माठापाशी ती कधी स्वतः पेला बुडवत नसे. ओंजळ धरून उभी राहायची आणि आमच्यापैकी कुणीतरी वरून ओतायचं. मीही ओतलं आहे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट पाणी घालायची पाळी आपली आली की मोठं झाल्यासारखं वाटायचं. हे लिहायला मला बसल्या जागी दहा मिनिटं लागली.

रजिस्टरातला सगळ्यात वाचनीय रकाना म्हणजे शाळा सोडल्याचं कारण. कुणी कादंबरी लिहिणारा असेल तर त्याने हा रकाना घेऊन बसावं. 'गुरे राखणेस.' 'बाप मयत.' 'गाव सोडून गेले.' 'देवी आल्या.' 'लग्न.' 'मुंबईस गेला.' हे शेवटचं कारण नऊ वर्षांच्या मुलाचं. आणि जिथं मास्तरांना कारण ठाऊक नाही किंवा लिहिण्यासारखं नाही तिथं ठरलेलं वाक्य: 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.'

सरांनी आजोबांच्या ओळीवर आडवा हात फिरवला आणि थांबले. म्हणाले, "इयत्ता दुसरी. सतत गैरहजर."

मी म्हटलं, पुन्हा बघा. आजोबा चौथी पास होते. घरात हे इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की त्याबद्दल शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पुतण्यांची अभ्यासावरून खरडपट्टी काढताना ते स्वतःच म्हणायचे, "आमच्या येळची चौथी म्हंजे तुमची मॅट्रिक." सरांनी पुन्हा वाचलं. दुसरीच. १९२१ च्या मार्चमध्ये नाव कमी. पुढच्या पानांवर पुन्हा दाखल झाले का, तेही आम्ही पाहिलं. नाही.

मला हसू यावं की वाईट वाटावं ते कळेना. ज्या माणसाने आयुष्यभर चौथी पास म्हणून मिरवलं तो दोन वर्षांत शाळेबाहेर होता. दंडाचा धाक ओसरला असेल किंवा धाकट्याला म्हशी आवरल्या नसतील. पण त्या दोन वर्षांच्या भांडवलावर आजोबा मोडी वाचायचे, बाळबोध वाचायचे, संध्याकाळी चावडीवर पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. कूळकायद्यात जमीन नावावर झाली तेव्हा वाडीतल्या सगळ्यांची चलनं, नोटिसा, पावत्या आमच्या सोप्यात यायच्या. लोक अंगठा उठवण्याआधी आजोबांना विचारायचे, "दत्तूतात्या, ह्यात काय लिवलंय?" त्यांनी स्वतः कधी अंगठा दिला नाही. सही करायचे, आणि सही झाल्यावर खाली दोन टिंबं द्यायचे, का ते कुणालाच ठाऊक नाही. शाळेने माणसाला काय द्यावं यावर पुष्कळ आयोग बसले. नोटिशीत काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागू नये, एवढं आजोबांना दुसरीत मिळालं होतं.

वडील सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल, पास झाले आणि मास्तर झाले. आधी स्कूल बोर्डाचे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाचे मास्तर रातोरात झेडपीचे गुरुजी झाले. गावाची शाळा आता जिल्ह्याने निवडून दिलेल्या लोकांच्या ताब्यात आली. याचे जे बरेवाईट परिणाम झाले ते वडील एका शब्दात सांगायचे: बदली. त्याच सुमारास कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आमच्याच जिल्ह्यातले, आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे. आयोगाने १९६६ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या: राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, आणि शेजारशाळा करा, म्हणजे एका वस्तीतली सगळी पोरं, मामलेदाराचं आणि मजुराचं, एकाच शाळेत. सहा टक्क्यांची आठवण दर अर्थसंकल्पात कुणीतरी काढतं. शेजारशाळेची कुणी काढत नाही.

मीही काढली नाही. माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत शिकला. महापालिकेची शाळा आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती, तिच्या भिंतीला लागून मी त्याच्या बसची वाट बघत उभी राहायची. प्राथमिक शिक्षकाची मुलगी, झेडपीत शिकलेली, फुल्यांचं निवेदन वाचलेली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोराचं नुकसान करून मी तत्त्व पाळू का? आजही कदाचित हेच म्हणेन. पण माझ्यासारखं म्हणणारे जसजसे शाळेतून गेले तसतसा शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करा म्हणून भांडणाराही कुणी उरला नाही. मामलेदाराचं पोर शाळेत होतं तोवर मामलेदाराला छप्पर दिसत होतं.

गावातही तेच. सकाळी आठला पिवळी व्हॅन येते आणि ऐपत असलेल्यांची पोरं घेऊन तालुक्याला जाते. उरलेला पट १९. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर आहेत. २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करायचा विचार निघाला, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन. एका ठिकाणी सगळं असलेली मोठी शाळा आणि पोरांना न्यायला गाडी. कागदावर वाईट नाही. पण रस्ता आणि गाडी या दोन्ही गोष्टींवर एकदम भरवसा ठेवायचा म्हणजे आमच्याकडच्या पावसाची ओळख नाही असंच म्हणावं लागेल. सरांना विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. "पट १९ चा २१ झाला तर तेवढंच एक वर्ष निभावतं." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "पूर्वी पट वाढवायला खोटी पोरं लिहायचे. २०११ ला पटपडताळणी झाली, आठवतं? पोरांच्या बोटांना शाई लावली होती, मतदानासारखी. आता आधार आलं. आता खरं पोरसुद्धा खरं आहे हे सिद्ध करावं लागतं."

हे बोलणं चालू असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, कमरेला कोयता, हाताला पोरगं. बीडकडची टोळी गावच्या शिवारात ऊसतोडीला आली होती. मुकादमाने सांगितलं, शाळेत दुपारचं जेवण मिळतं, तेव्हा पोराला घेऊन आली. सरांनी तिला बसायला सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. पोराने माझ्याकडे, मग भिंतीवरच्या पचनसंस्थेकडे बघितलं आणि नजर तिथंच ठेवली.

सरांनी नवं रजिस्टर उघडलं. दहा वर्षांत जेमतेम वीस पानं भरलेली. "जन्म कधीचा हो याचा?"

"पोळ्याचा हाय बगा सर. बैलं नदीवर धुवायला नेली व्हती आन् इकडं मी..." तिने वाक्य सोडून दिलं. "लॉकडाऊन लागलं तवा दीड वरसाचा व्हता."

तिने कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढून पोराचं आधार कार्ड पुढे केलं. त्यावर जन्मतारीख ०१/०१/२०१८. सरांनी मला कार्ड दाखवलं. "बघा. तुमच्या एक जूनची जागा आता एक जानेवारीनं घेतली." मोबाईलवर त्यांनी २०१८ चा पोळा शोधला. ९ सप्टेंबर. आईचं तोंडी सांगणं नियमाने चालतं, तिच्याकडून लिहून घेतलं की झालं. पण आधारशी तारीख जुळली नाही तर पोर्टल नाव घेणार नाही, आणि पोर्टलने नाव घेतलं नाही तर पट १९ च राहणार.

"तुमच्या वडिलांनी काय केलं असतं?" त्यांनी मला विचारलं.

"वर्ष वाया जाणार नाही ते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. १ जानेवारी २०१८ असं अंकी लिहिलं, खाली अक्षरी लिहिलं. मग ओळीच्या शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, जागा अपुरी म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'आईच्या सांगण्यानुसार जन्म पोळ्याचा.' आणि पोराला म्हणाले, "ये इकडं. उजवा हात डोक्यावरून ने बघू."

पोराला काही कळलं नाही, पण त्याने नेला. मधलं बोट कानाच्या पाळीला जेमतेम लागलं.